एकेचाळीस पावलं

हजेरीपटावर ओबुराच्या नावापुढे
मी पेन्सिलीने बारीक खूण करायचे: आज झोपला.
तिसरा बाक, खिडकीकडचा.
कपाळ वहीवर, वहीला मासळीचा वास.

तीन महिन्यांच्या खुणा एकदा सलग पाहिल्या
आणि चपापले.
मध्येच चार-पाच दिवस कोरे,
मग खुणा, खुणा, मग पुन्हा कोरे.
कॅलेंडर काढलं.
प्रत्येक कोऱ्या जागेत
पौर्णिमा बसलेली होती.

विचारलं तर म्हणाला,
"चांदण्यात ओमेना फसत नाही, मॅडम.
सगळं लोल्वे उजळल्यावर
आमच्या दिव्याला कोण विचारतं?"
मामाची होडी, तराफ्यांवर चार दिवे,
आणि हा रात्रभर दोर धरून.

वीस वर्षं मी प्रकाश शिकवते.
फळ्यावर मेणबत्ती, तिला बाण.
"अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात":
पोरं हे वाक्य प्रार्थनेसारखं म्हणतात,
डोळे मिटून.

म्हटलं, उद्या दिवा घेऊन ये.

खिडक्यांना पोती लावली.
रॉकेलचा दिवा, पंप मारमारून पेटवलेला,
टेबलावर फुसफुसत बसला
न बोलावता आलेल्या काकासारखा.
पुठ्ठ्याला चौकोनी भोक, मागे चौकटींचा कागद.
एका हातावर उजेडाने एक घर भरलं.
दोन हातांवर चार.
"तिनावर सहा!" मागून कोणीतरी.
"नऊ," ओबुरा म्हणाला. मोजलं नव्हतं त्याने.
"तराफा लांब गेला की मासे किती विरळ होतात
ते जाळं ओढताना कळतं."

हेडमास्तर दारात, नाकाला रुमाल.
"प्रकरण नववं, सर," मी म्हटलं.

पण चंद्र? चंद्राला कसं मोजायचं?
अकेयोची आई म्बिताच्या धक्क्यावर मासे तळते.
अकेयोने डबा उघडला, कागद झटकला,
मधोमध तेलाचा डाग, कवडीएवढा.
तो मी दिव्यासमोर धरला.
मागे उजेड जास्त, डाग उजळ.
पुढे जास्त, डाग काळा.
"आणि दोन्हीकडे सारखा?"
कुणी बोलेना.
मग अकेयो, तोंडात घास तसाच:
"मग तो... दिसायचाच नाही?"

पौर्णिमेला सत्तावीस जण किनाऱ्यावर.
होड्या पालथ्या, जाळी वाळत टाकलेली.
चंद्राकडे पाठ करून आम्ही उभे.
कागदाची घडी नीट उलगडली तेव्हा ओळखला:
माझीच चाचणी परीक्षा, रद्दीत गेलेली.
नाव ओबुराचं. तीसपैकी चार.
लाल चार डागाला अगदी खेटून.
तो काही बोलला नाही. मीही.

दिवा घेऊन तो मागे मागे सरकत गेला,
अकेयो मोठ्याने पावलं मोजत.
पंचवीस. डाग उजळ.
पस्तीस. अजून उजळ, पण दमलेला.
पन्नास. काळा! ये, पुढे ये, अजून, हं, थांब.

एकेचाळीसवर डाग गेला.
म्हणजे होता तिथेच, दिसेना इतकंच.
माझे चार मात्र
चांदण्यातही स्पष्ट होते.

"एवढाच?" अंधारातून ओबुरा ओरडला.
"एकेचाळीस पावलांवरचा आमचा दिवा, एवढाच चंद्र?"
आणि धावत आला, धापा टाकत:
"पण मॅडम, मासा तर पाण्याखाली असतो.
खाली जाता जाता आधी कोण विझतं?
दिवा की चंद्र?"

"मला नाही माहीत," मी म्हणाले.
इतक्या मोठ्याने हे मी
कुठल्याच वर्गात म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात चंद्र उशिरा उगवू लागला, होड्या गेल्या.
गुरुवारी तिसऱ्या बाकावर कपाळ पुन्हा वहीवर.
मी खूण केली.
कोपराखालून एक चित्र डोकावत होतं:
दोर, हाताहातावर गाठ,
टोकाला दगड बांधलेली काचेची बाटली,
बाटलीत कागद,
कागदावर पेन्सिलीने घोटून काढलेला डाग.

मी पोतं जरा ओढलं,
त्याच्या चेहऱ्यावरचं ऊन
बाकावर सरकेल इतकंच.